कावीळ : रोग की रोगाची खूण?

'कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते' असे आपण बोलताना सहज म्हणून जातो. बोलण्यापुरते ते ठीक आहे. पण काविळीच्या रोग्यालाच विचारून पाहा. त्याला भिंत पांढरी दिसते आणि आकाश निळेच दिसते. पिवळा रंग चढतो तो डोळ्याच्या पांढऱ्या भागावर. बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा आणि त्यामागचे भिंग सहसा स्वच्छच राहतात. तेव्हा रोग्याला जग पिवळे दिसत नाही, जगाला रोगी पिवळा दिसतो, इतकेच!

हा समज निरुपद्रवी आहे. दुसरा एक समज मात्र तसा नाही. तो असा, की कावीळ नावाचा एक रोग आहे आणि त्यावर काविळीचे असे एक औषध आहे. 'अमक्या गावी काविळीचे औषध देतात, हमखास गुण येतो' हे वाक्य तुम्ही ऐकले असेलच. आता अशी कल्पना करा, की रुग्णालयात शेजारी शेजारी तीन खाटा आहेत. पहिल्या खाटेवर दहा वर्षांचा मुलगा, दुसऱ्या खाटेवर कॉलेजात शिकणारा तरुण आणि तिसऱ्या खाटेवर पन्नाशीच्या बाई. तिघांचेही डोळे सारखेच पिवळे आहेत. पण मुलाच्या यकृतात काही बिघाडच नाही, तरुणाचे यकृत सुजले आहे आणि बाईंच्या पित्ताच्या वाटेत खडा अडकला आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला चालणार नाही. कधी कधी तर तो जिवावर बेतेल. डॉक्टरांनी पहिल्यांदा शोधायचे ते औषध नव्हे, अडचणीची जागा. ती ते कशी शोधतात, हे पाहण्यासारखे आहे.

पिवळा रंग येतो कोठून?

खेळताना गुडघ्याला मुका मार लागला, की तेथे आधी काळेनिळे होते, मग कडा हिरवट होतात आणि शेवटी पिवळसर डाग उरतो. हा रंगांचा खेळ तुम्ही स्वतःच्या कातडीवर पाहिला आहे. तेथे साकळलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होते, त्यातून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते.

हेच विघटन शरीरात रोज, मार न लागताही, चालू असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हाताऱ्या पेशी मुख्यतः प्लीहेत मोडल्या जातात. त्यांतील लोह काटकसरीने पुन्हा वापरले जाते, प्रथिनाचा भागही वाया जात नाही. उरते ते बिलिरुबिन. मोठ्या माणसाच्या शरीरात ते रोज २५० ते ३५० मिलिग्रॅम तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून यकृतापर्यंत येते.

यकृताच्या पेशी एका विकराच्या साहाय्याने त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देतात. या जोडणीमुळे बिलिरुबिन पाण्यात विरघळू लागते आणि पित्तातून वाहून जाते. पित्त पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरते. आतड्यातले जीवाणू बिलिरुबिनचे रूप आणखी बदलतात, आणि त्यातूनच मलाला नेहमीचा तपकिरी रंग येतो. लघवीचा फिकट पिवळेपणाही याच मालिकेतला.

आता घरातली मोरी डोळ्यांपुढे आणा. मोरीत पाणी साचले तर तीन कारणे संभवतात. नळ इतका सोडला आहे की मोरीला पाणी ओढवत नाही. किंवा मोरीचे तोंडच बिघडले आहे. किंवा तोंड ठीक आहे पण पुढची नळी चोंदली आहे. कावीळही अशीच तीन तऱ्हांची. तांबड्या पेशी फार वेगाने फुटू लागल्या तर बिलिरुबिन यकृताला आवरत नाही. यकृताच्या पेशीच आजारी पडल्या तर ते निपटले जात नाही. आणि पित्तनलिका बंद झाली तर तयार झालेला माल परत रक्तात येतो. उपमा थोडी लंगडी आहे, कारण यकृत म्हणजे नुसते भोक नव्हे. तेथे अब्जावधी पेशी राबत असतात. पण जागा शोधण्यापुरती ती पुरे.

रक्त काढण्यापूर्वी

निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तजलात साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत बिलिरुबिन असते. ते अडीच-तीन मिलिग्रॅमच्या पुढे गेले की डोळे पिवळे दिसू लागतात. तेही उजेड चांगला असेल तर! पिवळ्या दिव्याखाली सौम्य कावीळ लपून जाते, म्हणून अनुभवी डॉक्टर रोग्याला खिडकीपाशी नेऊन डोळे पाहतात.

मग प्रश्न सुरू होतात आणि त्यांतले काही ऐकून नातेवाईक संकोचतात. लघवीचा रंग कसा आहे? शौचाचा कसा आहे? अंगाला खाज सुटते का? हे प्रश्न नुसती चौकशी नव्हेत. जोडणी न झालेले बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते लघवीत उतरूच शकत नाही. आपल्या पहिल्या खाटेवरच्या मुलाचे डोळे पिवळे असूनही त्याच्या लघवीत बिलिरुबिन सापडणार नाही. जोडणी झालेले मात्र उतरते. तेव्हा लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि बाटलीत हलवली तर फेसही पिवळा येतो. पित्ताची वाट पूर्ण बंद झाली तर आतड्यात रंग पोहोचतच नाही, आणि शौच शाडूच्या मातीसारखे पांढुरके होते. पित्तातले इतर पदार्थही रक्तात साचल्यामुळे अंगाला खाज सुटते. पाहा, एकही यंत्र न लावता अर्धे निदान झाले.

पुढचे प्रश्न कारणाकडे नेतात. पिण्याचे पाणी कोठले? गावात आणखी कोणाला कावीळ आहे का? सहा महिन्यांत इंजेक्शन, रक्त, गोंदण काही? दारू? कोणत्या गोळ्या चालू आहेत? क्षयावरची आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही उत्तम औषधे काही जणांच्या यकृताला बाधतात. पॅरासिटमॉल योग्य मात्रेत निर्धास्त घ्यावे असे औषध. पण एका दमात खूप गोळ्या घेतल्या तर तेच यकृत उद्ध्वस्त करते. तेव्हा ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. येथे गोळ्या लपवणे फार महाग पडते.

प्रयोगशाळेत

१८८३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी बिलिरुबिनची एक रंगप्रक्रिया शोधली. १९१६ मध्ये हॉलंडचे हायमान्स व्हान डेन बर्ग आणि त्यांचे सहकारी म्युलर यांना असे दिसले, की काही रोग्यांचे रक्तजल या रसायनाला लगेच रंग देते, तर काहींचे आधी अल्कोहोल घातल्यावर देते. पहिल्याला त्यांनी 'डायरेक्ट' म्हटले आणि दुसऱ्याला 'इनडायरेक्ट'. त्यामागचे कारण पुढे कितीतरी वर्षांनी कळले : लगेच रंग देणारे ते जोडणी झालेले, पाण्यात विरघळणारे बिलिरुबिन. आजही तुमच्या गावातल्या प्रयोगशाळेच्या अहवालावर हेच दोन शब्द छापलेले असतात.

इनडायरेक्ट वाढलेले असेल, तर पेशी का फुटत आहेत हे पाहायचे. मलेरिया असेल, किंवा विदर्भात आणि नंदुरबारकडे बऱ्याच कुटुंबांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रोग असेल. मुलाला तोच आहे असे समजू. त्याच्यासाठी यकृताचे औषध शोधणे व्यर्थ. कधी मात्र काहीच रोग नसतो. शंभरांतल्या तीन ते सात माणसांत जोडणी करणारे विकर जन्मतःच थोडे मंद असते. कडकडीत उपास केला की त्यांचे डोळे किंचित पिवळे दिसतात आणि जेवणखाण सुरळीत झाले की उतरतात. अशा माणसाला एकादशीनंतर 'काविळीचे औषध' दिले, तर ते हमखास लागू पडणार हे उघड आहे!

यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतील एएलटी नावाचे विकर रक्तात सांडते. (जुन्या अहवालांत त्याला एसजीपीटी म्हणत.) एरवी ते ४० एककांच्या आत-बाहेर असते, विषाणूंमुळे यकृत सुजले तर हजारांच्या घरात जाते. पित्ताची वाट अडली तर अल्कलाइन फॉस्फटेज हे दुसरे विकर जास्त वाढते. या दोन आकड्यांची तुलना केली, की दुसरी खाट आणि तिसरी खाट बहुधा वेगळ्या ओळखू येतात.

पण मला सर्वांत सुंदर वाटते ती रक्त गोठण्याच्या वेळेची चाचणी. रक्त गोठवणारे बरेच घटक यकृतच बनवते, आणि त्यांतले काही थोड्या तासांतच संपतात. म्हणून ही वेळ म्हणजे यकृत आज किती काम करते आहे याचे मोजमाप. एएलटी नुकसान सांगते, ही चाचणी शिल्लक सांगते. दोन्हींत गल्लत झाली तर घात होतो. अत्यवस्थ रोग्याचे एएलटी भराभर उतरते आणि घरचे आनंदतात. पण त्याच वेळी रक्त गोठायला जास्त वेळ लागत असेल, तर अर्थ उलटा असतो. सांडायला पेशीच उरलेल्या नसतात.

यात आणखी एक खुबी आहे. हे घटक बनवायला के जीवनसत्त्व लागते आणि ते आतड्यातून शोषले जायला पित्त लागते. म्हणजे नुसती नळी बंद असली तरी रक्त उशिरा गोठते! मग ओळखायचे कसे? डॉक्टर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात आणि दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा करतात. वेळ सुधारली तर कारखाना शाबूत होता, कच्चा माल मिळत नव्हता. सुधारली नाही तर कारखानाच बंद पडत आहे.

यानंतर सोनोग्राफी. आपल्या कानांना ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या शंभराहून अधिक पट वारंवारतेच्या लहरी पोटात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढतात. मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटर रुंद असते. ती फुगलेली दिसली, तर अडथळा पुढे कोठेतरी आहे. पित्ताशयातला खडा लहरी अडवतो, म्हणून त्याच्यामागे काळी सावली पडते. सावली दिसली, की खडा सापडलाच.

दुसरी खाट : वाट पाहण्याचे उपचार

तरुणाला ए किंवा ई प्रकारच्या विषाणूची कावीळ आहे. हे दोन्ही मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतात. ते किती पसरू शकतात हे दिल्लीने १९५५-५६ च्या हिवाळ्यात पाहिले. यमुनेच्या पुरानंतर प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत आले. पाण्यात क्लोरीन वाढवण्यात आले होते, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. पण विषाणू त्यातून सुटले. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या काळी ती ए प्रकारची समजली गेली. जपून ठेवलेले रक्तजलाचे नमुने १९८० मध्ये तपासले तेव्हा तो ए विषाणू नव्हताच असे दिसले. या तपासात पुण्याच्या विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांचा वाटा होता. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ बालायान यांनी रोग्यांच्या मलाचा अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली आणि आपल्याच मलात हा नवा विषाणू पाहिला. (असला प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) त्याला आता ई म्हणतात. गर्भवती स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो.

ए आणि ई या विषाणूंवर सहसा कोणतेही खास औषध द्यावे लागत नाही. यकृत स्वतःच बरे होते, बहुधा काही आठवड्यांत. काविळीची माळ नेमकी येथेच यशस्वी होते. माळेतल्या ओल्या काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते; आणि त्याच काळात यकृत आपले आपण सुधारत असते. श्रेय माळेला जाते. हात चुन्याच्या निवळीत धुऊन पाणी पिवळे करून दाखवतात तेही बिलिरुबिन नव्हे. काही झाडांच्या सालींचा रस चुन्याशी पिवळा रंग देतो. खुशाल घरी चाचणी घ्या : कावीळ नसलेल्या माणसाचे हात तसेच धुऊन पाहा.

माळेने स्वतः काही अपाय होत नाही. अपाय होतो तो वाया गेलेल्या दिवसांनी. शंभरांत एखाद्याच रोग्याचे यकृत अचानक ढासळते, पण तो कोण हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून रुग्णालयात पाळत ठेवतात. सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणे या खुणा दिसल्या तर एक तासही घालवायचा नाही. यकृत थकले की अमोनियासारखे पदार्थ मेंदूपर्यंत जातात. डॉक्टर रोग्याला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगतात. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले तर मेंदूवर परिणाम सुरू झाला. काही ठिकाणी रोज कागदावर सही करून घेतात. सोमवारची सही आणि बुधवारची सही शेजारी ठेवली, की बिघाड डोळ्यांना दिसतो. अशांपैकी काहींना यकृत बदलूनच वाचवता येते.

आहाराविषयी दोन शब्द. हळद पिवळी म्हणून कावीळ वाढवते, या समजुतीला आधार नाही. तेलाचा थेंबही नको म्हणून रोग्याला उपाशी ठेवणे तर उलटे. बऱ्या होणाऱ्या यकृताला अन्न हवे असते. आणि रस्त्यावरचा उसाचा रस पाजायचा असेल, तर त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा हे आधी विचारावे. दारू मात्र पूर्ण बंद.

बी विषाणूची गोष्ट निराळी. तो रक्तातून, आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला होतो. मोठ्या माणसांतले बहुतेक बरे होतात, पण जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत तो वर्षानुवर्षे ठाण मांडतो. म्हणून त्याची लस जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात.

तिसरी खाट : अडलेली नळी

बाईंच्या नळीत खडा आहे. ही नळी आतड्यात उघडण्यापूर्वी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते आणि तोंडाशी स्वादुपिंडाची नळी तिला मिळते. या शेजारामुळे दोन गोष्टी घडतात. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ वाढली तर ती पित्तनलिका दाबते, आणि पोट न दुखताच कावीळ हळूहळू वाढते. न दुखणारी कावीळ आणि हाताला लागणारे फुगलेले पित्ताशय, असे असेल तर कारण सहसा खडा नसते, हे स्विस शल्यवैद्य कूर्व्हाझिए यांनी १८९० मध्येच नोंदवले होते. दुखत नाही म्हणून लोक उशिरा येतात, हे दुर्दैव.

दुसरी गोष्ट म्हणजे तोंडाशी अडकलेला खडा स्वादुपिंडालाही डिवचतो. स्वादुपिंडाचे पाचक विकर एरवी निष्क्रिय रूपात बाहेर पडतात आणि आतड्यात गेल्यावर जागे होतात. ते आतच जागे झाले, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. वरच्या पोटात भयंकर कळ येते, ती पाठीत जाते, आणि पुढे वाकून बसले तर जरा बरे वाटते. रक्तातले लायपेज तिपटीहून वाढले की निदान पक्के होते. येथे शिरेतून मोजून द्रव देणे आणि वेदना शमवणे हेच मुख्य उपचार. पूर्वी अशा रोग्याला कित्येक दिवस उपाशी ठेवत. आता सोसेल तसे लवकर जेवण सुरू करतात, कारण रिकाम्या आतड्याचे अस्तर दुबळे होऊन जीवाणूंना वाट मिळते.

खडा काढायचा कसा? पूर्वी पोट उघडावे लागे. १९७४ मध्ये जपानमध्ये आणि जर्मनीत, दोन गटांनी स्वतंत्रपणे, दुर्बीण तोंडातून आतड्यापर्यंत नेऊन विजेच्या तारेने नळीचे तोंड रुंद केले. मग बारीक जाळीच्या टोपलीत खडा पकडून आतड्यात सोडायचा; पोटावर टाकाही नाही. याला ईआरसीपी म्हणतात. पण या उपचारानेच काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून नुसते पाहण्यासाठी आता तो करत नाहीत; पाहण्याचे काम एमआरआय करते. मात्र कावीळ, पोटात कळ आणि हुडहुडी भरून ताप असे तिन्ही एकत्र आले, तर अडलेल्या पित्तात पू होत असतो आणि नळी त्वरित मोकळी करावी लागते.

या तीन खाटांमध्ये पक्क्या भिंती नाहीत, हेही सांगायला हवे. सिकलसेलच्या मुलाच्या पेशी वर्षानुवर्षे फुटत राहिल्या तर जास्तीच्या बिलिरुबिनचेच खडे त्याच्या पित्ताशयात बनतात, आणि एके दिवशी पहिल्या खाटेवरचा रोगी तिसऱ्या खाटेवर जातो.

पाळण्यातली कावीळ

एक प्रकार या तिन्हींत नीट बसत नाही. नवजात बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी दिसतात. त्यांच्या तांबड्या पेशी कमी दिवस जगतात आणि जोडणी करणारे विकर अजून पुरते तयार नसते. बहुतेकांची ही कावीळ आपोआप जाते. पण बिलिरुबिन फार वाढले तर ते बाळाच्या मेंदूत शिरून कायमची इजा करते. जन्मापासून २४ तासांच्या आत दिसलेली कावीळ तर लगेच तपासावीच लागते.

यावरचा उपाय इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात एका परिचारिकेला सापडला. १९५६ च्या उन्हाळ्यात सिस्टर वॉर्ड अशक्त बाळांना अंगणातल्या कोवळ्या उन्हात नेत असत. एका बाळाचे अंग फिकट झालेले, पण चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोणी तुकडा गडद पिवळा, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांना आधी वाटले, काहीतरी रंग लागला असेल. पुढे रक्ताची एक नळी चुकून उन्हात खिडकीत राहिली आणि तिच्यातले बिलिरुबिन उतरलेले आढळले. १९५८ मध्ये प्रकाशोपचाराचा निबंध प्रसिद्ध झाला.

निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूची घडी बदलतो. मग जोडणी न होताच तो पाण्यात विरघळतो आणि पित्तातून, लघवीतून निघून जातो. आज तालुक्याच्या रुग्णालयातही निळ्या दिव्यांखाली, डोळ्यांवर पट्टी आणि कमरेला लंगोट एवढ्यावर निजलेली बाळे दिसतात. दर दोन-तीन तासांनी आई त्यांना पाजते, आणि भिंतीवरच्या आलेखात परिचारिका बाळाचे वय तासांत मोजून बिलिरुबिनचा ठिपका मांडते.